पडद्यावरची कोंडाबाई

माणुसकीला अंतर नसतं, हे टीबीच्या रुग्णांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेचं ब्रीद होतं. म्हणूनच तीन वर्षांत तिथलं कुणी कोंडाबाईच्या गावी फिरकलं नव्हतं. तिचा टीबी केव्हाच बरा झाला होता. संगणकानं घडवलेली तिची प्रतिमा मात्र देणगीदारांशी रोज खोकत खोकत बोलायची. ते फोनवर पाहून कोंडाबाईच्या लेकीच्या होणाऱ्या सासूनं सोयरीक थांबवली.

"म्याडम, तिला बरी तरी करा, नाहीतर मारून टाका," कोंडाबाई कार्यालयात येऊन म्हणाली.

"अहो मावशी, लोकांचा जीव जडलाय तिच्यावर!" सचिव सुनेत्राताई कळवळल्या. "तुम्हीच सांगा त्यांना."

कोंडाबाई स्वतः पडद्यावर आली आणि न खोकता, खणखणीत आवाजात पाच मिनिटं बोलली.

ही बाई बनावट असल्याच्या एकेचाळीस तक्रारी आल्या. पहिली लेकीच्या होणाऱ्या सासूची होती.