उजवा कौल

सुशांतला मुलगी झाली ते साल दोन हजार पंचवीस. पोर तेवीस दिवसांची होती. त्या मंगळवारी तिला पायांवर न्हाऊ घालून, हातही न पुसता, आजी हौसाबाई सत्यवानाच्या अंगणात येऊन उभी राहिली.

सत्यवान मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. माडाखाली बसून फाटलेलं जाळं सांधत होता. समुद्रात दिवे लावून मासळी उपसणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध शुक्रवारी तो जिल्ह्याला जाऊन साक्ष देणार होता.

सुशांत त्यातल्याच एका ट्रॉलरवर तांडेल होता, सुकाणू त्याच्याच हाती असे. पोरीला न्हाऊ घालताना हौसाबाईने त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. “गुरुवारी सकाळी. अध्यक्षाच्या होडयेर ट्रॉलर घालूचो. मगे अपघात म्हणान सांगूचा. व्हय शेट.”

ती समोर गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आये, तू काय आयकूक नाय.”

“सत्या,” हौसाबाई म्हणाली, “गुरुवारी होडी लोटू नको.”

“कित्या गो काकी? गुरुवारी मासे उपास करतत काय?”

“जाव नको म्हणतंय ना.”

सत्यवानाने सुई खाली ठेवली. “कोणाकडसून काय आयकलंस? नाव सांग. आत्ताच पोलिसांत जातंय आणि गुरुवारी घराक रवतंय.”

त्या नावाचा माणूस तिच्या घरी पाळणा हलवत बसला होता.

“माका सपान पडला,” ती म्हणाली. “तुझी होडी फुटलेली दिसली.”

सत्यवान हसला. त्याची बायको रुक्मिणी ओटीवरून उतरून आली. ती हसली नाही. “सपान पडला तर देवीक इचारूक होया. चला, कौल लावया.”

हौसाबाईला बरं वाटलं. देवीला सगळं ठाऊक. डावा, म्हणजे नकाराचा कौल येईल, सत्यवान घरी राहील, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

देवळात गुरवाने ओल्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. “आई, ह्या बायेक सपान पडला. त्या सपनात काय खरा नसात, तर उजवो दी.”

“व्हय म्हाराजा,” रुक्मिणी म्हणाली. सत्यवान म्हणाला. हौसाबाईलाही म्हणावं लागलं.

बराच वेळ काही हललं नाही. मग उजव्या अंगाची पाकळी सुटून खाली पडली.

“झाला,” गुरव म्हणाला. “बिनघोर जा.”

रुक्मिणीने पदराने डोळे टिपले. हौसाबाई त्या पाकळीकडे बघत राहिली. देवीला विचारलं होतं सपनाचं. सपान तिला पडलंच नव्हतं. देवीने खरं तेच सांगितलं होतं.

सत्यवानाने खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. “काय काकी? तुझ्या सपनापरास देवी मोठी मां?”

तिने तोंड उघडलं. सत्यवान, रुक्मिणी, गुरव, तिघेही तिच्याकडे बघत होते.

“मोठी,” ती म्हणाली.

सत्यवान गुरुवारी, वीस फेब्रुवारीला, सकाळी सव्वासहाच्या सुमारास तोंडवली गावासमोरच्या पाण्यात मेला.