नाव नसलेली आवृत्ती

सोपान व्हटकरच्या नातीचं बारसं झालं, त्या १९९८ सालची ही गोष्ट. पुण्यात फुटपाथवर जुनी पुस्तकं विकता विकता सोपान चाळिशीत अक्षरं शिकला होता. पण एका जपानी कादंबरीच्या मराठी अनुवादाची पहिली आवृत्ती तो लांबूनच ओळखायचा.

त्या सकाळी एका म्हाताऱ्या बाईंनी बाजूला ठेवलेलं नेमकं तेच पुस्तक उचललं.

“ते राहू द्या, माई. एका संग्राहकासाठी राखलंय. दोन वर्षं शोधत होता बिचारा. पहिली आवृत्ती आहे.”

“कशावरून?”

“प्रकाशक पहिल्या खेपेला अनुवादकाचं नाव घालायलाच विसरला. दुसऱ्या आवृत्तीत घातलं. तेव्हा नाव नसेल, तर पहिली समजायची.”

“सहा वर्षं खपले मी या पुस्तकासाठी,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आणि तुमची खूण काय, तर मी नसणं.”

पुस्तकावर शाईचा ठिपका जरी दिसला, तरी तो संग्राहक हात लावणार नव्हता. तरी सोपाननं खिशातलं पेन काढून पुढे केलं.

“लिहा.”

“अहो, गिऱ्हाईक जाईल तुमचं.”

“एवढे नखरे असतील, तर जाऊ दे.”

बाईंनी पहिल्या पानावर लिहिलं. सोपाननं बोट फिरवत, अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं, “अनुवाद, इंदुमती गद्रे.” बाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

ते पुस्तक सोपाननं कधीच विकलं नाही. इंदुमती गद्रे त्याच वर्षी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वारल्या.