सन विसरू नको

“सतराशे एकोणचाळीस टाकून बघितलंस का?” विघ्नेशने विचारलं आणि हॉलमध्ये हशा पिकला. वसईत राहायचं आणि किल्ला सर झाल्याचं साल आधी टाकून बघायचं नाही, असा शहाणा इथे कोण होता? सगळ्यांनी पहिल्यांदा तेच टाकलं होतं. मग रेल्वे आल्याचं, मग महापालिका झाल्याचं. विघ्नेशने तर स्वतःच्या जन्माचंही. दार ढिम्म हललं नव्हतं.

‘खाडीपार’ या गेमवर ही मंडळी जीव टाकायची. दुसरा भाग आला तेव्हा ऑफिसला दांड्या मारून खेळायला बसली आणि या दारापाशी अडकली ती अडकलीच. धक्क्यावर एक मोठं चक्र होतं. त्यावर साल, महिना, तिथी फिरवता यायची. झोळीत एक नारळ होता. तो खाता येत नव्हता, विकता येत नव्हता, फेकला तर परत झोळीत येत होता. आणि पहिल्या भागात नुसती हसणारी होडीवाली म्हातारी या भागात बोलू लागली होती. “सन इसरू नको रे बाला,” ती म्हणायची. “सनाशिवाय दार उघडाचा नाय.” सन सांगायचा मात्र पत्ता नाही.

आज स्वप्ना आणि कौस्तुभच्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर सगळे जमले होते, कारण गेम बनवणाऱ्या कंपनीतली राधिका लॅपटॉपवर समोर बसली होती. खेळाडूंचं एकमत झालं तर पुढच्या आठवड्यात म्हातारीचा आवाज बदलून टाकू, असा शब्द तिने दिला होता. तक्रार लिहिली होती स्वप्नाने, वाचूनही तीच दाखवत होती.

“मराठी गेममधली म्हातारी हिंदी का बोलते? पानी काय, लोनी काय! कोणी तपासलं की नाही?”

“क्या बात है वहिनी!” विघ्नेशने टाळ्या पिटल्या.

स्वप्नाचा ण होताच तसा खणखणीत. तो तिने कमावला होता. मिठागराकाठच्या गावातून ती कॉलेजला आली तेव्हा पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये तिने पानी मागितलं आणि सगळं टेबल खो खो हसलं. त्यानंतर तिने जिभेला असं वळण लावलं की लग्नाला दोन वर्षं होत आली तरी कौस्तुभला पत्ता नव्हता. आईचा फोन आला की ती बाल्कनीत जायची आणि दार ओढून घ्यायची. म्हातारी हिंदी बोलत नाही हे या हॉलमध्ये फक्त तिला कळत होतं. म्हणून तर तिला म्हातारी नको होती. ती बोलायला लागली की स्वप्ना टीव्हीचा आवाज बंद करायची आणि खालची अक्षरं वाचायची.

“एक सांगू?” राधिका म्हणाली. “तुम्ही तिला वाचताय. जरा ऐकून तरी बघा.”

“ऐकूनच कान किटले!” कौस्तुभ ओरडला आणि सगळे एकदम बोलायला लागले. दार चुकलंय, चक्र चुकलंय, नारळ तर निव्वळ अडगळ! त्या गलक्यात स्वप्नाचा फोन वाजला. आई. सवयीने ती बाल्कनीत गेली, दार ओढलं आणि फोन कानाला लावला. फोनमधून काहीच ऐकू येईना. संध्याकाळी गाणी लावताना तिने तो हॉलमधल्या स्पीकरला जोडला होता. तो तसाच राहिला होता.

“सनाला येशील ना गो?” हॉलमधून आवाज आला. “नारली पुनव आलीय. जावयाला पन आन.”

“अरे, म्हातारी बोलली!” विघ्नेश उडालाच. “कोणी सुरू केला गेम?”

स्वप्नाचे कान गरम झाले. गप्प राहिली असती तर राँग नंबर म्हणून निभावलं असतं. पण तो शब्द तिच्या कानात शिरला होता, आणि आता त्याला अडवणं तिच्या हातात नव्हतं. तिने धाडकन दार उघडलं.

“अरे, सन म्हणजे साल नाय! सन म्हणजे... सन!”

“म्हणजे?” कौस्तुभ.

“सन रे, सन! आमचा मोठा सन! नारली पुनव! ते साल सोडा, श्रावण लाव, पुनव लाव!”

विघ्नेशने चक्र फिरवलं. खाडीवर भला मोठा चंद्र आला. “आता नारल सोड पान्यात,” स्वप्ना म्हणाली. नारळ पाण्यात पडला आणि या वेळी परत आला नाही. दार करकरत उघडलं. पलीकडे खाडीभर होड्या, दिवे, नाचणारी माणसं. हॉलमध्ये जो कल्ला झाला त्याने खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि टीव्ही बघत तिथेच उभे राहिले. स्वप्नाला आनंदाने रडूच फुटलं.

“मग?” राधिका हसत होती. “म्हातारीचा आवाज बदलायचा ना?”

“बदलून तर बघा!” विघ्नेश गरजला.

कौस्तुभ मात्र टीव्हीकडे बघतच नव्हता. तो बायकोकडे बघत होता.

“तू अशी बोलतेस? मग मला कधी ऐकू कसं नाही आलं?”

“मी असं फक्त घरी बोलते,” स्वप्ना डोळे पुसत म्हणाली.

“आणि दोन वर्षं राहतेस ते हे काय,” कौस्तुभने विचारलं, “लॉज आहे का गं?”