सोमवारी निघायचं

अंगणातल्या घरगाडीच्या टपावर हातभर बर्फ साचला होता. ओरेस्ट स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसला होता.

"सोमवारी निघालो की शुक्रवारी ॲरिझोनात. तिथं नुसती पाय पसरून उन्हात बस, म्हातारे!"

"आधी डॉक्टरला तो खोकला दाखव," नादिया म्हणाली.

"वेडी की काय! त्यानं नवं औषध लिहून दिलं, की विमावाले सीमेपलीकडच्या प्रवासाचा विमा द्यायला नाही म्हणतील. मग बसा आणखी एक हिवाळा या थंडीत. मला एकदा ऊन बघू दे गं."

नादिया आत गेली. तिनं त्याची बॅग उघडली. धुऊनही रक्ताचे डाग न गेलेले पांढरे रुमाल तिनं बाहेर काढले, आणि त्यांच्या जागी गडद लाल रुमाल नीट घडी घालून ठेवले.