परकी सुई

"ही सुई माझी नाही," डॉक्टर म्हणाले.

सलूनवाला टेबलावर पालथा पडला होता. टेबलाला तोंडापुरतं भोक, भोकात त्याचं तोंड, आणि तिथून दिसणार काय, तर फरशी आणि डॉक्टरांचे बूट. खांद्यापासून कमरेपर्यंत सुया उभ्या. हलायची सोय नव्हती, पळायची तर नव्हतीच.

कपड्यातली टाचणी राहिली असेल, असं तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की अंगात कपडाच नाही.

"हिरव्या मुठीची आहे. पुलापलीकडच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंची." डॉक्टरांनी सुई उपटली. "केव्हापासून चाललंय हे?"

सलूनवाल्याला घाम फुटला. नवल मात्र वाटलं नाही. दुसऱ्याने कापलेलं डोकं तोही समोरच्या फुटपाथवरून ओळखायचा, आणि वाईट त्यालाही वाटायचं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने भोकातून फरशीलाच सगळं सांगून टाकलं. उजवा खांदा धरला तेव्हा हात छातीच्या वर जाईना. मग तो गिऱ्हाइकांना खुर्चीत खाली सरकायला सांगायचा. आणखी थोडं, साहेब, आणखी थोडं. एक उंच गृहस्थ सरकत सरकत थेट जमिनीवर गेले आणि बिचाऱ्यांनी उरलेले केस तिथेच बसून कापून घेतले. दुसऱ्या दिवसापासून बायकोचा भाऊ मदतीला आला. आला तो गेलाच नाही. "दाजी, तुम्ही बसा," असं इतक्या मायेने म्हणायचा की कात्री गळ्यात खुपसावीशी वाटे, पण तेवढाही हात वर जात नव्हता. परवा त्याने दुकानाच्या पाटीला कुठला रंग शोभेल ते विचारलं होतं.

डॉक्टर म्हणत, आठवड्यातून दोनदाच यायचं. सुई टोचली की शरीराला काम करायला वेळ द्यायचा, घाई केलीत तर सगळं मुसळ केरात. बाई म्हणत, रोज या, खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. दोघं तितक्याच खात्रीने सांगत. मेव्हणा काही कुणाच्या वेळापत्रकासाठी थांबणार नव्हता. म्हणून दोन दिवस इकडे, उरलेले तिकडे, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. हात कानापर्यंत यायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बघा, हा मधल्या आरामाचा गुण. बाई म्हणाल्या, बघा, हा रोज येण्याचा गुण. त्याने दोघांपुढे मान डोलावली. खरा गुण कुणाचा ते त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि आता एकाला जरी सोडलं तरी हात पुन्हा खाली येईल अशी धास्ती बसली होती.

"मला हाकलू नका, डॉक्टर," तो म्हणाला. "दुकान जाईल हो माझं."

बूट दाराकडे गेले. आपल्याला असंच साळिंदर करून हा माणूस घरी निघाला, असं त्याला वाटलं. पण दाराला कडी लागली आणि बूट परत आले.

मग भोकात एक गुडघा दिसला. नंतर टेबलाचा पाय घट्ट धरलेला हात. कण्हणं ऐकू आलं, ते आपलं नाही हे कळायला त्याला जरा वेळ लागला. डॉक्टर हळूहळू, भिंत खचावी तसे खाली येत होते. शेवटी ते टेबलाखाली सपशेल उताणे झाले. त्यांचं तोंड आता बरोबर सलूनवाल्याच्या तोंडाखाली आलं. इतक्या दिवसांत दोघांनी एकमेकांना एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता.

"कंबर," डॉक्टर म्हणाले. "तोंडासमोर बोलावं म्हणून खाली आलो, आता मला उठता येणार नाही."

सलूनवाल्याने मदतीला उतरतो म्हणून सांगितलं. सुया काढल्याशिवाय उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सुया काढायच्या तर डॉक्टरांनी उठायला हवं होतं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, वाट पाहिली आणि निघून गेलं.

"मग मी ऐकू कुणाचं?" सलूनवाल्याने शेवटी विचारलं. "तुमचं की बाईंचं?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"तिचं ऐका," ते हळूच म्हणाले. "फक्त संध्याकाळी सहाची वेळ मागू नका. सहाला रोज तिच्या टेबलावर मी असतो."