डोणीभोवतीची रांगोळी

ॲम्बॅसिडर बाभळीखाली थांबली तेव्हा कोठारीबाईंनी पुन्हा विचारलं, "गहिनीनाथ, काळविटं नक्की येतील ना?"

"येतील बाईसाहेब. माझ्या बहिणीच्या दारातच येतात."

त्यानं डिकीतून वेताच्या खुर्च्या काढल्या. छत्री रोवली. भुशात गुंडाळून नगरहून आणलेली बर्फाची लादी उघडली, तिच्यावर सोड्याची बाटली आडवी ठेवली. मुंबईच्या बड्या लोकांना कुणी दाखवणार नाही ते दाखवायचं, हा त्याचा धंदा. बाई खूश झाल्या तर त्यांच्या साऱ्या मैत्रिणी हिवाळ्यात येणार होत्या. यंदाच्या दुष्काळात दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. पहाटेपासून गाडी हाकून त्याचे डोळे चुरचुरत होते.

मग त्याचं लक्ष बहिणीच्या दारातल्या, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीकडे गेलं.

डोणी घासून लख्ख केलेली. भोवती शेणाचा ताजा सडा. सड्यावर ठिपक्यांची रांगोळी, आणि समोर, माळावरून येणाऱ्याला नीट वाचता येईल असं, 'सुस्वागतम्'.

तेवढ्यात काळविटं आली. तीन माद्या आणि एक काळा नर. लांबच थबकली. नरानं नाक वर केलं, फुरफुरला, आणि क्षणात चौघं माळापार. मागे नुसता फुफाटा.

"गेली?" बाईंच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला.

थोरली बहीण राहीबाई पदर सावरत हसतमुखानं पुढं आली. "आलास व्हय रं? च्या ठिवू का पाव्हण्यांना?"

"आक्के, हे काय करून ठिवलंस? रांगोळी बघून बुजली की ती."

"का? मुंबईचे पाव्हणे येनार, मग दार तसंच ठिवायचं? अक्षरं पुतनीकडनं काढून घेतली. आन् पानी बी पेयाचं वतलंय, हंडाभर. गढूळ न्हाई."

"आन् रोज काय वततीस?"

"रोज व्हय? भांडी घासल्यालं. तेच पित्यात की गपगुमान."

गहिनीनाथ डोणीशेजारच्या दगडावर मटकन बसला. "टँकर कधी हाय?"

"परवा."

कोठारीबाई रांगोळीपाशी आल्या, वाकून त्यांनी फोटो काढला. "किती सुंदर! गहिनीनाथ, आपण उद्या सकाळी परत येऊ. तुमच्या बहिणीला सांगा, अगदी अस्संच करून ठेवा."

त्यानं मान हलवली. ती 'हो'ची होती की 'नाही'ची, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

राहीबाई तोवर डोणीतलं पाणी तांब्यानं हंड्यात परत भरू लागली होती. गहिनीनाथ उठला. सोड्याची बाटली बाजूला केली, उरलेली लादी उचलून आणली आणि हंड्यात सोडली. पाण्यावर भुसा तरंगला.

"आरं, पाव्हण्यांचा सोडा?"

"पितील कोमट."

राहीबाईनं फडक्यानं भुसा गाळून काढला. डोणीच्या तळाशी राहिलेलं तांब्याभर पाणी तिनं तसंच ठेवलं. मग माळाकडे एकवार पाहिलं. रांगोळीला पाय लावायचा नसतो, म्हणून ती खाली बसली आणि हातानं एकेक अक्षर पुसत गेली.