मागच्या काचेवरची नावं

दिवाकरने सटाण्याच्या एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याकडून जुनी गाडी घेतली, तेव्हा तिच्या मागच्या काचेवर दोन नावांच्या फिकट खुणा होत्या. त्यांवरच त्याने रेडियमच्या अक्षरांत आपल्या मुलांची नावं लावून घेतली : धवल, इरा.

"मागचा वायपर बंदच राहू द्या," तो मालक निघताना म्हणाला होता.

नको म्हटलं की दिवाकर ते करणारच.

रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या घरासमोर त्याने डिकीचं दार वर केलं आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवायला घेतलं. निघालेली एकेक क्लिप पायरीवर बसलेली इरा वाटीत ठेवत होती. गच्चीवर धवल भिंतीवर चेंडू आपटत होता.

कव्हर निघालं. वायपरच्या मोटरची वायर कोणीतरी मुद्दाम कापून टोकांना टेप गुंडाळला होता. दिवाकरने ती जोडली, पुढे जाऊन बटण दाबलं आणि मागे आला.

वायपर अर्ध्या काचेपर्यंत येऊन थांबला होता. इराचं नाव पुसलं गेलं होतं. फिकट खूण तेवढी उरली होती.

"इरा, तुझं नाव गेलं बघ."

पायरीवर नुसती वाटी होती.

त्याची बायको श्यामला दारात आली. "कोणाला हाक मारताय?"

"इराला. आत आली का?"

"कोण इरा?"

वायपर पुन्हा हलला. दिवाकरने सगळा जोर लावून वायर उपटली. ती त्याच्या हातात आली, तरी वायपर धवलच्या नावाकडे सरकत राहिला.

गच्चीवर चेंडू दोनदा आपटला. तिसऱ्यांदा नाही.